भाड्याच्या माळ्यावर मॉडेल शूट कसं करायचं? प्रकाश, फोन आणि परवानगी : संपूर्ण माहिती

डिसेंबरमध्ये जयसिंगपुरात एका जुन्या गोदामाचा वरचा माळा चार तासांसाठी भाड्याने घेऊन मी माझं पहिलं मॉडेल शूट केलं. कॅमेरा म्हणजे हातातला फोनच. मॉडेल म्हणजे माझी मावसबहीण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली. काम होतं एका छोट्या कपडे विक्रेत्याच्या कुर्त्यांचं. फोटो चांगले आले, पैसेही वेळेवर मिळाले.

तीन महिन्यांनी त्यातलाच एक फोटो दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच दुकानाच्या, वजन कमी करण्याच्या औषधाच्या फ्लेक्सवर लागला. बहिणीचा फोन आला, "दादा, तू विचारलंस का मला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या लेखात शूटची तांत्रिक माहिती तर आहेच, पण मी जे करायचं विसरलो तेही आहे. चला, पहिल्यापासून बघूया.

लॉफ्ट स्टुडिओ म्हणजे काय?

लॉफ्ट म्हणजे आपल्या भाषेत माळा. उंच छत, मोठ्या खिडक्या, मधे भिंती नाहीत अशी वरच्या मजल्याची मोकळी जागा. न्यूयॉर्कमध्ये कारखाने बंद पडल्यावर असे मजले स्वस्तात मिळायला लागले आणि चित्रकार-फोटोग्राफर तिथे राहायला गेले. १९६० च्या दशकात अँडी वॉरहॉलच्या माळ्याच्या भिंतींना चंदेरी कागद चिकटवलेला होता. त्या जागेचं नावच 'फॅक्टरी' होतं.

आपल्याकडे असा माळा शोधायला लांब जायला नको. जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं व्यापारी गाव. सरळ रस्ते, नंबरच्या गल्ल्या आणि जुनी गोदामं. आम्ही घेतलेल्या माळ्याला लाकडी जमीन होती, उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या आणि पूर्वेला एक.

जागा ठरवताना काय विचारायचं?

मी फक्त भाडं विचारलं होतं. खरं तर एवढं विचारायला पाहिजे :

- भाड्याचे तास कधीपासून मोजणार? सामान लावणं आणि आवरणं त्यातच धरलं, तर चार तासांतले जेमतेम अडीच तास हातात राहतात.
- कपडे बदलायला आतून कडी लागणारी वेगळी खोली आहे का? शौचालय आहे का? हे नसेल तर जागा कितीही छान दिसो, घेऊ नका.
- वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का?
- माळ्यावर किंवा खोलीत सीसीटीव्ही आहे का? असेल तर कुठे?
- जमीन हलते का? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण आमचं शूट ऐन ऊस हंगामात होतं. खालच्या रस्त्यावरून भरलेला ट्रॅक्टर गेला की लाकडी जमीन थरथरायची आणि ट्रायपॉडवरचा फोटोसुद्धा हललेला यायचा.

जागा बघायला ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. सकाळी दहाला सुंदर दिसणारी खिडकी दुपारी तीनला पूर्ण वेगळी दिसते.

खिडकीचा प्रकाश : फुकटचा, पण घड्याळावर चालणारा

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. मूकपटांच्या त्या सुरुवातीच्या काळात शूटिंग मुख्यतः सूर्यप्रकाशावर चालायचं. 'सिंहगड' (१९२३) साठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

फोटोच्या पुस्तकांत उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली म्हणतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा मऊ प्रकाश येतो. पण ही पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेची. जयसिंगपूर साधारण १६.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. म्हणजे डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीवर डोळे झाकून विश्वास ठेवा, मे महिन्यात मात्र पांढरा पडदा जवळ असू द्या.

प्रकाश मऊ की कडक, हे उगमाच्या आकारावर ठरतं. मॉडेलच्या मानाने उगम जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. म्हणून मोठ्या खिडकीजवळ चेहरा छान दिसतो आणि फोनच्या इवल्याशा फ्लॅशमध्ये रापलेला. फ्लॅश बंदच ठेवा.

अंतराचंही गणित आहे. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. खिडकी मोठी असल्यामुळे हा नियम जवळून इतका काटेकोर लागत नाही, तरी दिशा तीच. आम्ही बहिणीला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थोडं तिरकं उभं केलं. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला, त्याने अंधारी बाजू उजळली. थर्माकोल नसेल तर पांढरी चादर चालते. रंगीत भिंतीजवळ मात्र उभं करू नका. हिरव्या भिंतीचा हिरवट रंग थेट गालावर उतरतो.

फोनच्या सेटिंग्ज

१) लेन्स : फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीचा, म्हणजे रुंद असतो. त्याने चेहऱ्याचा क्लोज-अप घ्यायचा तर खूप जवळ जावं लागतं आणि नाक मोठं, कान लहान दिसतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दोन मीटर मागे व्हा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा.

२) फोकस आणि उजेड लॉक : चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक होईल. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. जास्त उजळून पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही, थोडा काळवंडलेला भाग पुष्कळदा मिळतो.

३) व्हाइट बॅलन्स : दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिन, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा. खिडकीचा प्रकाश वापरत असाल तर माळ्यावरचे सगळे दिवे बंद करा.

४) दिव्यांच्या पट्ट्या : आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडव्या पट्ट्या येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. व्हिडिओ २५ फ्रेमवर घ्या.

५) ब्युटी मोड बंद : कपड्याची जाहिरात असो की दागिन्याची, चेहरा प्लास्टिकचा दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. आणि मॉडेलला न विचारता तिचा रंग उजळणं हा तर उद्धटपणाच.

६) पोर्ट्रेट मोड जपून : हा मोड मागचा भाग कृत्रिमरीत्या धूसर करतो. मोकळे केस, नथ, झुमके यांच्या कडा ओळखताना तो हमखास चुकतो. त्यापेक्षा मॉडेलला मागच्या भिंतीपासून लांब उभं करा.

७) कापडावरच्या लहरी : आमचे दोन कुर्ते बारीक चौकड्याच्या कापडाचे होते, इचलकरंजीच्या मागावर निघतं तसलं. फोटोत त्यावर इंद्रधनुषी लहरी दिसायला लागल्या. याला मॉरे म्हणतात. कापडाच्या बारीक रेघा आणि सेन्सरवरच्या पिक्सेलच्या रांगा एकमेकींवर आल्या की असं होतं. उपाय सोपा : एक पाऊल पुढे-मागे व्हा किंवा कोन बदला. आणि हे जागेवरच, फोटो झूम करून तपासा. घरी गेल्यावर काढणं फार अवघड.

८) रॉ फॉरमॅट : रंग अचूक पाहिजेत तर रॉमध्ये काढा, पण जागा बघून. रॉ फाइल साध्या फोटोच्या कित्येक पट मोठी असते. दोनशे फोटोंतच फोन भरू शकतो.

मॉडेलशी कसं वागायचं?

आदल्या दिवशीच तिला सांगा : कोणते कपडे, किती फोटो, तिथे कोण कोण असणार. तिच्यासोबत तिच्या ओळखीचं कुणीतरी असू द्या. आमच्याकडे मावशी आली होती, डबा घेऊन! ओढणी किंवा केस नीट करायचे असतील तर हात लावू नका, तोंडाने सांगा किंवा आधी विचारा. दर दहा-पंधरा फोटोंनंतर तिला स्क्रीन दाखवा. तिला नको असलेला फोटो तिच्यासमोर डिलीट करा आणि 'रिसेंटली डिलीटेड' मधूनही काढा, नाहीतर तो तिथे काही दिवस तसाच राहतो. गूगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर तिथेही तपासा.

फोटो पाठवताना

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. इथे एक मेख आहे. मूळ फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते : वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअॅप ही माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये ती तशीच जाते. मॉडेलच्या घरी शूट केलं असेल तर तिच्या घराचा पत्ताच तुम्ही वाटला म्हणून समजा. शूटआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा.

मी काय केलं? सगळ्याच्या सगळ्या मूळ फाइल्स विक्रेत्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या. तोंडी सांगितलं, "तुमच्या कुर्त्यांपुरतेच हं." ते म्हणाले, "हो हो." पुढे त्या फाइल्स कुणाकडून कुणाकडे गेल्या ते आजही कळलेलं नाही.

आता मी आधी वॉटरमार्क टाकलेले लहान फोटो निवडीसाठी देतो. कागदावर सही झाल्यावर फक्त निवडलेल्यांच्या मूळ फाइल्स.

फोटो कुणाचा?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे आमच्या शूटमध्ये विक्रेता. आणि मॉडेल? कॉपीराइटमध्ये तिला काहीच वाटा नाही, चेहरा तिचा असूनही!

पण मालकी वेगळी आणि चेहरा वापरण्याची परवानगी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. माणूस कशासाठी 'हो' म्हणाला होता, याला महत्त्व आहे. अडचण एवढीच की ते 'हो' तोंडी असलं तर नंतर दाखवायला काही हातात राहत नाही.

म्हणून शूटआधी एका पानावर हे लिहा आणि तिघांच्या सह्या घ्या (मॉडेल, फोटोग्राफर, पैसे देणारा) :

- शूटची तारीख आणि जागा
- फोटो कोणत्या वस्तूच्या जाहिरातीसाठी
- कुठे वापरणार : इन्स्टाग्राम, दुकान, फ्लेक्स, छापील जाहिरात
- किती काळ : सहा महिने, एक वर्ष
- दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, एआयने बदलता येणार नाहीत
- मॉडेलचं मानधन किती आणि कधी
- फोटोग्राफर स्वतःच्या प्रोफाइलवर टाकू शकतो का

मॉडेलला समजेल अशा साध्या मराठीत लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत तिला द्या. ती १८ वर्षांखालची असेल तर तिच्या एकटीच्या सहीने करार होत नाही. आई-वडिलांची सही घ्या, पण तिलाही विचारा.

गैरवापर झालाच तर?

आधी पुरावा जमवा : स्क्रीनशॉट, लिंक, फ्लेक्सचा फोटो, तारीख. मग वापरणाऱ्याला लेखी कळवा. सोशल मीडियावर असेल तर तिथेच रिपोर्ट करा. फोटो अश्लील पद्धतीने बदलला असेल तर थांबू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

आमच्या बाबतीत मी आणि मावसा त्या दुकानात गेलो. माणूस वाईट नव्हता. "डिझाइनवाल्यानं टाकला, आम्हाला काय म्हाईत," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवला. पण तोपर्यंत कॉलेजच्या ग्रुपवर तो फिरून झाला होता. बहिणीला आठवडाभर कोण काय काय बोललं, ते तिने मला आजही पूर्ण सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती त्याच माळ्यावर पुन्हा आली. मी कॅमेरा उघडायच्या आधी तिने पर्समधून कागद काढला. तिने स्वतः लिहिलेला, सात मुद्द्यांचा. वर दिलेली यादी तिचीच आहे. मी सही केली, मग खिडकी उघडली.

तुमच्या पुढच्या शूटला ही यादी फोनच्या नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा. भेटूया पुढच्या लेखात!