दानाकडून हक्काकडे

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. अंध बांधवांच्या वाट्याला मात्र शतकानुशतके प्रामुख्याने आहारदानच आले. सौराष्ट्रातील पंडित सुखलालजी संघवी (१८८०-१९७८) यांची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने गेली. १९०४ साली काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत त्यांना विद्येचे द्वार खुले झाले. पुढे पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी ‘सन्मतितर्क’ संपादित केला आणि १९७४ साली ते ‘पद्मभूषण’ झाले. परंतु असा आश्रय लाभणे हा योगायोग होता. मागता येईल असा हक्क त्या काळी अंधांना नव्हता.

ही स्थिती सावकाश पालटली. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि निर्धन अंधांना मासिक अनुदानाचा आधार मिळाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शासकीय नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण ठेवले. त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा होता. अंमलबजावणी रेंगाळल्याने अंधांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजण्याचा आदेश दिला. २०१६ च्या कायद्याने एकूण आरक्षण चार टक्के केले. अंधांचा एक टक्का कायम राहिला.

तथापि, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावाचून यांतील कोणताही लाभ पदरी पडत नाही, आणि ते मिळवताना एकाकी अंध व्यक्ती थकून जाते. तिच्यासोबत शासकीय रुग्णालयात जाणे, तिचा अर्ज वाचून भरून देणे, हेही श्रावकाचे शास्त्रदानच होय.