संत कॅथरिनचे भग्न चक्र

इ. स. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धार्मिक चित्रांकडे लोकशिक्षणाचे कार्य सोपविले. पुढील शतकात कॅथलिक युरोपातील देवालयांत हुतात्मा संतस्त्रियांची चित्रे विपुल झाली. त्यांची दृष्टी बहुधा आकाशाकडे लागलेली असे.

आर्तेमिसिया जेंतिलेस्की या चित्रकर्तीने १६१५ ते १६१७ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे रंगविलेली संत कॅथरिन मात्र थेट प्रेक्षकाकडे पाहते. आख्यायिका अशी की, अलेक्झांड्रियाच्या या विदुषीच्या वधासाठी आणलेले खिळ्यांचे चक्र दैवी कृपेने भंगले आणि अखेरीस तिचा शिरच्छेद करण्यात आला. चित्रात तिचा हात त्याच भग्न चक्रावर विसावलेला आहे. चेहरा मात्र स्वतः आर्तेमिसियाचा आहे.

१६१२ साली रोममध्ये, आपल्यावर बलात्कार करणाऱ्या आगोस्तीनो तास्सी या चित्रकाराविरुद्धच्या खटल्यात तिची साक्ष झाली. ती खरी की खोटी हे पारखण्यासाठी न्यायालयाने तिच्या बोटांना दोऱ्यांचे फास आवळविले. तरीही तिने आपला शब्द फिरविला नाही. त्याच बोटांनी पुढे हे चक्र रंगविले. हुतात्म्यासाठी योजिल्या जाणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'साक्षीदार' असाच आहे. २०१८ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने हे चित्र आपल्या संग्रहात घेतले.