जरा टेकू म्हणून

पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बँक कारकुनाच्या ड्रॉवरात एक राजीनामा असतो. माझ्याही आहे. फक्त तारखेची जागा कोरी. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक काही केल्या सापडत नाही, तेव्हा मी तो काढून वाचतो आणि मला कमांडर निकल्सन आठवतात.

व्हर्नन निकल्सन ब्रिटिश आरमारातले निवृत्त अधिकारी. आपल्याकडे असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि पाण्याच्या टाकीवरून भांडतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर यांनी मात्र 'मॉलिहॉक' नावाची शिडाची जुनी नौका गाठली आणि बायको एमी व डेस्मंड, रॉडनी ही दोन मोठी मुलं घेऊन आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाले. (बायको तयार झाली, ही या इतिहासातली सर्वांत थक्क करणारी नोंद.)

1 जानेवारी 1949 रोजी नौका अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरला लागली. अँटिग्वा म्हणजे आपल्या व्हिव्हियन रिचर्ड्सचं बेट; पण स्वारी तेव्हा जन्मायची होती. 1784 ते 1787 या काळात तरुण नेल्सन इथेच नेमणुकीवर होता. 1889 साली आरमाराने इथली गोदी सोडली, आणि साठ वर्षांत तिची पार रया गेली. निकल्सन कुटुंबाचा बेत साधा : जरा टेकायचं, की पुढे.

जवळच मिल रीफ नावाचा श्रीमंतांचा क्लब होता. तिथल्या पाहुण्यांनी विचारलं, पैसे देतो, आम्हाला समुद्रावर फिरवून आणाल का? यांनी आणलं. एक झाले, दुसरे आले. ऑस्ट्रेलिया राहिलं ते राहिलंच! पुढे ते इतरांच्या नौकांनाही गिऱ्हाइकं मिळवून देऊ लागले. कॅरिबियन समुद्रात नौका भाड्याने देण्याचा जो मोठा धंदा आज चालतो, त्याची सुरुवात सांगताना निकल्सन मंडळींचं नाव हमखास निघतं. गोदीही सावरली, 1961 साली रीतसर खुली झाली आणि 2016 साली युनेस्कोच्या यादीत गेली.

आणि हे राहायला कुठे गेले? गोदीतल्या पगार वाटायच्या जुन्या कचेरीत! ज्या काउंटरवरून मी पळायचं म्हणतो, तिथे हा माणूस समुद्र ओलांडून पोचला.

मला खुपतं ते निराळंच. धंदा बदलायचा अर्ज निकल्सननी कुठेच केला नव्हता. बी.कॉम. झाल्यावर मीही 'जरा टेकू' म्हणूनच बँकेत आलो होतो. त्याला चोवीस वर्षं झाली. माझं ऑस्ट्रेलिया कुठलं होतं, तेही आता नीट आठवत नाही.

हे सगळं घरी सांगितलं. सौ. भाजी निवडत होती.

"निवृत्त होते ना ते?" ती म्हणाली. "मग पेन्शन असेल. तुम्ही आधी निवृत्त व्हा. आणि रेवसच्या लाँचमध्ये तुम्हाला काय झालं होतं, ते आठवा जरा."

आठवलं. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत मी लाँचच्या कठड्यावरून मान वर काढली नव्हती.

काल राजीनामा पुन्हा काढला. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. लांबून पाहिलं तर थेट बेट दिसतं.