तळहातावरील खेळयंत्र : सोयीचा इतिहास

यंत्राचा इतिहास लिहितांना त्याच्या अंगाचा, म्हणजे धातु, कांच आणि विद्युत् यांचा, विचार प्रथम होतो. परंतु तें यंत्र ज्या हातांत जावयाचें, त्या हाताला तें कितपत वश झालें, हा प्रश्न बहुधा मागेंच राहतो. तळहातावर मावणाऱ्या खेळाच्या संगणकाचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. येथें शरीर आधीं तयार झालें आणि वळण मागाहून लागलें. किंबहुना, वळण लागेपर्यंत त्या शरीराचा फारसा उपयोगच झाला नाहीं.

हातांत धरून खेळावयाचें यंत्र ही कांहीं नवी वस्तु नव्हे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं ‘गेम बॉय’ बाजारांत आणला, तेव्हांपासून ती जगाच्या परिचयाची आहे. कळ सरकवावी आणि खेळ सुरू व्हावा, इतका तो सुटसुटीत होता. पण या सुटसुटीतपणाची एक किंमत होती. यंत्र कसें असावें, पडदा केवढा असावा, कोणते खेळ त्यावर चालावेत, हें सारें एकाच कंपनीच्या मुठींत होतें. याच्या उलट घरगुती संगणकाचा स्वभाव. त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. त्यावर कोणीही कोणताही खेळ रचावा, कोणत्याही दुकानांतून तो घ्यावा आणि हवा तसा बदलावा. एकीकडे शिस्त होती पण मोकळीक नव्हती. दुसरीकडे मोकळीक होती पण शिस्त नव्हती. हीं दोन्ही एका हातांत कशीं यावींत, हाच या इतिहासाचा मुख्य प्रश्न होय.

२००६ सालीं मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारानें ‘अल्ट्रा मोबाइल’ या नांवाचे छोटे संगणक निघाले, व त्याच वर्षीं सोनी कंपनीनेंही ‘वायो यूएक्स’ हा अगदीं चिमुकला संगणक विक्रीस काढला. तीं यंत्रें कामकाजासाठीं होतीं; खेळाचें बळ त्यांच्या अंगीं नव्हतें. पुढें दहा वर्षांनीं, २०१६ मध्यें, चीनमधील शेन्झेन शहरच्या जीपीडी कंपनीनें लोकांकडून आगाऊ वर्गणी जमवून ‘जीपीडी विन’ हें यंत्र तयार केलें. साडेपांच इंचांचा पडदा, त्याखालीं बारीक कळफलक, दोन बाजूंना अंगठ्यानें फिरवावयाच्या दांड्या आणि आंत संपूर्ण विंडोज १०. संगणकावरील खेळ प्रवासांत खेळावे, ही अनेकांची इच्छा त्यानें पुरी केली. पण ती केवढ्या खटाटोपानें!

कारण विंडोज ही व्यवस्था घडली ती मेजासाठीं. समोर खुर्ची, हाताखालीं माउस, डोळ्यांपासून हातभर अंतरावर मोठा पडदा, असें तिच्या रचनाकारांनीं गृहीत धरलें होतें. तोच पडदा तळहाताएवढा झाला, तेव्हां त्यावरील अक्षरें मुंगीएवढीं झालीं. खिडकी बंद करावयाची फुली अंगठ्याखालीं झांकली जाऊं लागली. खेळ सुरू करण्यापूर्वीं परवलीचा शब्द मागणारी चौकट पुढें येई, आणि तो शब्द लिहावा म्हणून पडद्यावर उमटलेला कळफलक नेमकी तीच चौकट झांकून टाकी. मध्येंच नव्या आवृत्तीची सूचना खेळावर येऊन आदळे. यंत्र झोपवून ठेवावें, तर तें पिशवींत आपोआप जागें होऊन तापे आणि बॅटरी संपवून टाकी. मोती पाणीदार होता यांत शंका नाहीं. पण तो नाकापेक्षां जड झाला होता.

या अडचणीवरचा पहिला मोठा उपाय ज्या ठिकाणाहून आला, त्याची प्रेरणा मात्र खेळाडूंच्या सोयींत नव्हती. ती व्यापारी भीतींत होती. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत व्हॉल्व्ह नांवाची कंपनी आहे. तिचे एक संस्थापक गेब न्यूएल हे पूर्वीं अनेक वर्षें मायक्रोसॉफ्टच्याच नोकरींत होते. व्हॉल्व्हनें २००३ सालीं ‘स्टीम’ हें संगणकीय खेळांचें दुकान सुरू केलें व तें प्रचंड वाढलें. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज ८ बरोबर स्वतःचें दुकान उघडण्याचें ठरविलें, तेव्हां न्यूएल यांनीं ही विंडोज संगणक-व्यवसायावरील अरिष्टच ठरेल, असें उघड उघड बोलून दाखविलें. परक्याच्या जागेंत आपलें दुकान, आणि जागेच्या मालकानें शेजारींच तोच माल मांडलेला. अशा दुकानदाराला जी धास्ती वाटावी, तीच ही होती. म्हणून त्यांनीं लिनक्स या मुक्त व्यवस्थेची कांस धरली. २०१५ च्या नोव्हेंबरांत ‘स्टीम मशीन’ या नांवाचीं लिनक्सवर चालणारीं यंत्रें निघालीं, पण तीं साफ फसलीं. दोष यंत्रांचा नव्हता. बहुतेक खेळ विंडोजसाठीं लिहिलेले होते, आणि ज्या घरांत पाहुणेच येऊं शकत नाहींत, तें घर कितीही सुबक असलें तरी ओसच राहावयाचें.

या अपयशांतून व्हॉल्व्हनें योग्य तो धडा घेतला. खेळांनीं नवी भाषा शिकावी, अशी वाट पाहण्याऐवजीं दुभाषीच ठेवावा, असें ठरलें. हा दुभाषी आयता मिळाला, पण तो आयता मिळण्यासाठीं पंचवीस वर्षें कोणी तरी राबलें होतें. ‘वाइन’ या नांवाचा मुक्त प्रकल्प १९९३ सालीं सुरू झाला आणि १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार यांनीं त्याची धुरा वाहिली. विंडोजवरील कार्यक्रम आपल्या व्यवस्थेकडे सतत कांहीं ना कांहीं मागत असतो: ही फाइल उघड, एवढी स्मृति दे, हें चित्र काढ. वाइन ती प्रत्येक मागणी ऐकतो आणि लिनक्सच्या पद्धतीनें पुरवितो. मागणाऱ्याला आपण परक्या घरीं आहों, याचा पत्ताही लागत नाहीं. प्रकल्पाची पहिली पूर्ण आवृत्ति निघावयास २००८ साल उजाडलें. म्हणजे पंधरा वर्षें लागलीं. पुढें फिलिप रेबोले या तरुणानें खेळांतील चित्रांची भाषा बदलून देणारा ‘डीएक्सव्हीके’ हा भाग रचला. या सर्वांची एकत्र मोट बांधून २१ ऑगस्ट २०१८ रोजीं व्हॉल्व्हनें ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केला. त्या दिवशीं खात्रीनें चालणाऱ्या खेळांची यादी अवघी २७ नांवांची होती. चार वर्षांच्या आंत ती हजारांच्या घरांत गेली.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजीं ‘स्टीम डेक’ हें यंत्र ग्राहकांकडे निघालें. सात इंचांचा पडदा, चाळीस वॉट-तासांची बॅटरी आणि सर्वांत स्वस्त नगाची किंमत ३९९ डॉलर. शक्तीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास पुढील वर्षीं निघालेलीं कित्येक यंत्रें त्याहून सरस होतीं. तरीही त्यानें या क्षेत्रांत दंडक घालून दिला, तो सॉफ्टवेअरच्या जोरावर. यंत्र सुरू होतांच मेजाचें चित्र पुढें न येतां खेळांची यादी येते आणि ती अंगठ्यांनीं चाळतां येते. वरच्या कडेवरील कळ दाबली कीं खेळ आहे त्या जागीं थांबतो आणि पुन्हां दाबली कीं तेथूनच पुढें चालूं लागतो. आगगाडींत, दवाखान्याच्या बाकावर, मूल झोंपलें असतांना सांपडलेल्या पंधरा मिनिटांत खेळणाऱ्याला ही एकच सोय इतर दहा गुणांहून मोलाची वाटते.

याहून सूक्ष्म सुधारणाही झाल्या. खेळांतील प्रकाश, छाया व रंग यांचे नियम सांगणाऱ्या बारीक कार्यक्रमांना ‘शेडर’ म्हणतात. प्रत्येक जातीच्या चित्र-यंत्रासाठीं ते निराळे रचावे लागतात, आणि सामान्य संगणकावर हें काम ऐन खेळांत होत असल्यानें मध्येंच खेळ अडखळतो. स्टीम डेकची मूळ चिप एकच असल्यामुळें हे शेडर आधींच तयार करून खेळाबरोबर पाठवितां आले. गृहिणीनें पाहुणे येण्यापूर्वींच वाटण करून ठेवावें, तसाच हा प्रकार.

दुसरें उदाहरण पडद्याच्या गतीचें. सेकंदाला साठ चित्रें दाखवावयाचीं तर प्रत्येक चित्रास सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात व बॅटरी झपाट्यानें उतरते. तीस दाखविलीं तर प्रत्येकास ३३.३ मिळतात आणि हालचाल जड भासते. कालमानानें या दोहोंच्या बरोबर मध्यावर चाळीस हा आंकडा येतो, कारण त्यांत प्रत्येक चित्रास २५ सहस्रांश पडतात. परंतु सेकंदाला साठदां उजळणाऱ्या पडद्यावर चाळीस चित्रें समान अंतरानें बसत नाहींत. म्हणून मे २०२२ मध्यें पडद्याचीच गति चाळीसपर्यंत खालीं आणण्याची सोय देण्यांत आली. नवा भाग न बसवितां, केवळ सॉफ्टवेअर बदलून, तेंच यंत्र अधिक वेळ आणि अधिक सुखानें चालूं लागलें.

तिसरी गोष्ट पारखण्याची. प्रत्येक खेळ तपासून तो या यंत्रावर उत्तम चालतो, कांहीं खटपटीनें चालतो कीं चालतच नाहीं, याचा शिक्का दुकानांत मारण्याची प्रथा व्हॉल्व्हनें पाडली. त्या कसोटींत पडद्यावरील सर्वांत लहान अक्षराची उंची नऊ पिक्सेलांहून कमी नसावी, असाही नियम आहे. खेळाच्या गुणवत्तेंत अक्षराच्या उंचीची गणना व्हावी, यावरून दृष्टि किती बदलली होती तें दिसतें.

विंडोजचा पक्ष यानंतर स्वस्थ राहणें शक्यच नव्हतें. जून २०२३ मध्यें एसूसचें ‘रॉग ॲलाय’, त्याच वर्षाच्या अखेरीस लेनोव्होचें ‘लीजन गो’ आणि २०२४ मध्यें एमएसआयचें ‘क्लॉ’ अशीं बलवान यंत्रें विंडोज ११ घेऊन आलीं. प्रत्येक कंपनीनें विंडोजवर आपापला मुलामा चढविला. परंतु मुलाम्याखालचें मेज मधून मधून डोकें वर काढीतच राहिलें. मे २०२५ मध्यें लेनोव्होनें ‘लीजन गो एस’ हें यंत्र व्हॉल्व्हची व्यवस्था बसवून विक्रीस आणलें. एकाच देहावर दोन व्यवस्था ताडून पाहण्याची संधि मिळाली, आणि प्रसिद्ध झालेल्या चांचण्यांत बहुतेक खेळ लिनक्सवर अधिक वेगानें चालले. जे खेळ विंडोजसाठीं लिहिले, ते दुभाष्यामार्फत अधिक चपळ व्हावेत, हा त्या व्यवस्थेला केवढा टोला होता! १६ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘रॉग एक्सबॉक्स ॲलाय’ निघालें, तेव्हां मायक्रोसॉफ्टनें मेज न मांडतां थेट खेळांच्या दालनांत नेणारी नवी रीत त्यांत दिली. मेजाचा पसारा मांडावा लागत नसल्यानें दोन गिगाबाइटपर्यंत स्मृति मोकळी होते, असें तिनें स्वतःच सांगितलें. जो पसारा इतकीं वर्षें अपरिहार्य मानला गेला, तो अपरिहार्य नव्हता, याची ही एक प्रकारें कबुलीच होय.

तथापि या इतिहासाचा शेवट गोड झाला, असें म्हणतां येत नाहीं. अनेकांनीं मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी रोखण्यासाठीं पहारेकरी सॉफ्टवेअर असतें, आणि त्यांतील कांहीं पहारेकरी विंडोजच्या अगदीं गाभ्यांत ठाण मांडून बसतात. लिनक्समध्यें त्या गाभ्याचा मालक स्वतः वापरणारा असतो. त्यामुळें तेथें पहारा विश्वासार्ह राहत नाहीं, असें कांहीं खेळांच्या चालकांचें म्हणणें आहे. ‘एपेक्स लीजंड्स’ हा लोकप्रिय खेळ स्टीम डेकवर चांगला चालत होता. परंतु ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या चालकांनीं लबाडीचें कारण देऊन लिनक्सचा दरवाजा बंद केला. ज्यांनीं प्रामाणिकपणें खेळ मांडला होता, त्यांचाही डाव मोडला. येथें प्रश्न सोयीचा राहत नाहीं. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राच्या गाभाऱ्याची किल्ली कोणाकडे असावी, धन्याकडे कीं पहारेकऱ्याकडे, असा तो हक्काचा प्रश्न आहे. आणि दुभाषी कितीही निष्णात असला, तरी असा तंटा तोडणें त्याच्या हातीं नसतें.

तरीही झालेल्या प्रवासाचें मोल कमी नाहीं. गेम बॉयची शिस्त आणि संगणकाची मोकळीक हीं एका तळहातावर बऱ्याच अंशीं नांदूं लागलीं, आणि तीं तशीं नांदावींत म्हणून एकट्या कारखानदाराचे श्रम पुरले नाहींत. एका दुकानदाराची भीति, एका फसलेल्या धंद्याचा धडा, प्रतिस्पर्ध्यांची चुरस आणि या सर्वांच्या आधीं वर्षानुवर्षें, बक्षिसाची आशा न धरतां, परक्या भाषेचा एक एक शब्द उलगडीत बसलेले वाइनचे कारागीर, इतक्यांचे हात त्याला लागले आहेत. कळ दाबतांच थांबलेला खेळ पुन्हां सुरू होतो, त्या क्षणीं यांपैकीं कोणाचेंही स्मरण खेळणाऱ्याला होत नाहीं. चांगल्या सोयीचें लक्षण हेंच आहे कीं, ती मिळाल्यावर तिच्यामागचे श्रम दिसेनासे होतात. आणि म्हणूनच त्यांची नोंद इतिहासानें ठेवावयाची असते.