कुटुंबाचें दारिद्र्य व त्याचें मोजमाप

ता. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दिवशीं महाराष्ट्र सरकारनें राज्यभर तिरंगी शिधापत्रिकांची योजना अमलांत आणिली. वर्षाचें उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबास, इतर अटी पाहून, पिवळी पत्रिका, त्याहून अधिक परंतु लाखाच्या आंत असल्यास केशरी, पुढें पांढरी. नव्या जिल्ह्याच्या जन्माबरोबरच घरोघरचें दारिद्र्य मोजण्याचा प्रश्न असा त्याच्या दाराशीं उभा राहिला.

प्रश्न मात्र जुनाच. दादाभाई नौरोजींनीं १८६७-६८ सालासाठीं हिंदुस्थानचें दरडोई वार्षिक उत्पन्न अवघें वीस रुपये काढिलें व तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रास याहून अधिक खर्च येतो, हें दाखवून दिलें. पुढें १९७१ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं रोजच्या २,२५० उष्मांकांचा आधार घेतला. १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत माणशीं दरमहा पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस, ही त्यांची रेषा. तिच्या खालीं खेड्यांतील सुमारें चाळीस टक्के व शहरांतील सुमारें पन्नास टक्के लोक होते.

हीं दोन्ही मापें माणशीं होतीं. पिवळ्या पत्रिकेचें माप चुलीचें. १५,००० रुपयांत दोन माणसांच्या घरीं माणशीं दरमहा ६२५ रुपये येतात, तर आठ माणसांच्या घरीं केवळ १५६. तरी कागदावर दोन्ही घरें सारखींच गरीब! शिवाय गोंदियाकडील मजुराचें उत्पन्न बारा महिने सारखें कोठें असतें? धानाची रोवणी व कापणी, उन्हाळ्यांत मोहफुलें आणि तेंदूपत्ता, मधल्या काळांत विड्या वळणें; जो महिना विचारावा तसें उत्तर. विडी कामगारांना पुढें तात्पुरत्या पिवळ्या पत्रिका देण्याचें सरकारनें ठरविलें, तें योग्यच झालें.

याच राज्यानें याआधीं वेगळा मार्ग काढिला होता. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ सालीं ती योजना राज्यभर गेली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. पैसा उभा करण्यासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला गेला. म्हणजे शहरांतील पगारदारानें खेड्यांतील मजुराचा भार कांहीं अंशीं उचलला. येथें उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नसे. भर उन्हांत माती खणावयास जो येई, तोच गरजू. मोजमाप असें आपोआप होई. मात्र ज्यास कुदळ उचलवत नाहीं असा म्हातारा वा रोगी त्यांतून निसटे, हें या पद्धतीचें खरें वैगुण्य.

ता. २ फेब्रुवारी २००६ रोजीं केंद्राचा रोजगार हमी कायदा प्रथम देशांतील दोनशें जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत गोंदिया होता. त्यांत वर्षाला शंभर दिवसांची हमी, पण तीही कुटुंबामागें. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघां भावांना मिळून शंभरच दिवस.

धान्याच्या बाबतींत बदल झाला तो २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें. महाराष्ट्रानें उत्पन्नाची मर्यादा खेड्यांत ४४,००० व शहरांत ५९,००० रुपये ठरविली, ती कुटुंबाचीच. परंतु प्राधान्य कुटुंबाचें धान्य माणशीं दरमहा पांच किलो झालें. सर्वांत गरीब म्हणून निवडलेल्या अंत्योदय कुटुंबांस मात्र ३५ किलो राहिले, मग घरांत माणसें दोन असोत कीं आठ.