पट्ट्या चोवीस, पण बळ किती?

जडत्व शिकवताना आपण सगळेच एसटीचे उदाहरण देतो. ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे झुकतात, गाडी सुटली की मागे रेलतात. मुले लगेच माना डोलावतात, कारण हे त्यांनी अंगावर अनुभवलेले असते. पण प्रवासी निदान दांडी तरी धरतो. बारा टनांच्या यंत्राने काय धरायचे? त्याच्यासाठी कुणीतरी हिशेब करून ते बांधावे लागते.

ही गरज जुनीच आहे. अठराव्या शतकातल्या लढाऊ जहाजांवर ३२ पौंडी गोळा फेकणारी तोफ गाड्यासकट सुमारे ३ टन भरे. ती जाड दोरखंडाने जहाजाच्या भिंतीला जखडलेली असे. वादळात दोर तुटला, तर शत्रूपेक्षा आपल्याच तोफेची भीती अधिक. पुढे आगगाड्या आल्या, ट्रेलर आले, मालवाहू विमाने आली. दोराच्या जागी साखळ्या आणि नायलॉनच्या पट्ट्या आल्या. प्रश्न मात्र तोच राहिला.

२९ एप्रिल २०१३ रोजी त्याचे फार महाग उत्तर मिळाले. नॅशनल एअरलाइन्स या अमेरिकी कंपनीचे बोइंग ७४७-४०० मालवाहू विमान अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियनहून बग्राम येथे इंधनासाठी उतरले होते. तेथून ते दुबईला जाणार होते. पोटात पाच चिलखती लष्करी वाहने होती. त्यांपैकी दोन सुमारे १२ टनांची, तीन सुमारे १८ टनांची. वाहने पॅलेटवर उभी होती. पण हे पॅलेट विमानाच्या जमिनीला कुलूपबंद नव्हते. सारी भिस्त पट्ट्यांवर होती. बग्रामच्या धावपट्टीवरून उड्डाण घेताच विमानाचे नाक वर, आणखी वर गेले. वेग सरला, आणि विमान धावपट्टीच्या टोकाजवळ कोसळले. आतले सातही कर्मचारी मृत्युमुखी पडले.

माल मागे घसरला, गुरुत्वमध्य मागे सरकला, म्हणून नाक वर गेले, असाच पहिला तर्क होता. पाठ्यपुस्तकात शोभावा असा. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०१५ चा अहवाल आणखी खोलात जातो. उड्डाणाच्या ऐन क्षणी विमानातली दोन्ही नोंदयंत्रे बंद पडली होती. ही यंत्रे विमानाच्या मागच्या भागात असतात. शिवाय धावपट्टीवर विमानाच्या मागील भागाचे तुकडे सापडले. म्हणजे जमीन सुटत असतानाच आत काहीतरी मोडले होते. सर्वांत मागचे वाहन सुटून मागच्या भिंतीवर आदळले होते. त्या धडकेने चारपैकी दोन हायड्रॉलिक व्यवस्था निकामी झाल्या आणि शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलणाऱ्या स्क्रूच्या यंत्रणेचे नुकसान झाले. नाक खाली आणण्याचे साधनच वैमानिकांच्या हातून गेले.

आता थोडे गणित करू. नाक १५ अंश वर झाले, तर १२ टन वाहनाच्या वजनाचा मागे ओढणारा घटक १२ × ज्या १५°, म्हणजे सुमारे ३ टन. शिवाय विमान वेग घेत असते, त्याचा वाटा वेगळा. पट्टी जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर तिच्या ताणाचा निम्माच भाग मागे सरकणे रोखतो. बाकीचा बराचसा वाहनाला खाली दाबण्यात जातो. त्यातही फक्त पुढच्या बाजूला ओढणाऱ्या पट्ट्याच उपयोगी. मागे ओढणाऱ्या पट्ट्या या कामी निरुपयोगी. आणि पट्टी जमिनीतल्या ज्या कडीला अडकवली, ती कडी जेवढे सोसेल तेवढेच पट्टीचे बळ. म्हणून चोवीस पट्ट्या म्हणजे चोवीसपट बळ नव्हे.

मंडळाच्या मते कंपनीच्या नियमपुस्तिकेत विमान व सामान-यंत्रणा बनवणाऱ्यांनी दिलेली महत्त्वाची माहिती गाळली होती आणि बांधण्याच्या चुकीच्या पद्धती दिल्या होत्या. कोणत्या जागी पट्टी अडकवावी, ती जागा किती भार सोसेल, हेही नीट सांगितले नव्हते. बांधणाऱ्याने पुस्तिकेवर विश्वास ठेवला. सरकारी देखरेखही अपुरी ठरली. माल बांधणाऱ्यांना रीतसर परवाना असावा, अशी शिफारस मंडळाने केली.

वर्गात हे दाखवायला विमान नको. खेळण्यातल्या ट्रकवर वजन ठेवा, त्याला दोऱ्याने स्प्रिंगकाटा जोडा आणि फळी उचलून तिरकी करा. दोरा आधी फळीला समांतर, मग उभा होत जाईल असा बांधा. काट्यावरचा आकडा कसा वाढतो ते मुलांनाच वाचू द्या. पुढे कधी महामार्गावर पोकलेन लादलेला ट्रेलर दिसला, तर ती आधी साखळ्या मोजतील आणि मग त्यांचे कोन पाहतील. सदिशांचा धडा समजल्याची ती खूण.