कानाच्या पाळीची सबुरी

सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण टोचणे हे क्षणाचे काम. ते भोक रुंदावून त्यात जड दागिना बसवायचा तर महिने लागतात, आणि तिथे सोनाराचा हात कामी येत नाही. तिथे हवी सबुरी.

ही हौस फार जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी पाहा. त्यांच्या कानांतले दागिने चांगलेच वजनदार आहेत. तेर आणि नेवासे इथे तर सातवाहनकाळातली भाजलेल्या मातीची कर्णभूषणे सापडली. म्हणजे ज्याला सोने परवडत नव्हते, त्यालाही कान सजवायचा होताच.

हे कान वाढवत कसे? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय खास कानासाठी आहे. पाळी उन्हासमोर धरावी, जिथून उजेड आरपार दिसेल तिथे टोचावे, असे तो सांगतो. रक्त फार आले, वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे. मग भोकात कापसाची वात घालून तेल सोडावे आणि दर तिसऱ्या दिवशी वात थोडी जाड करावी. सूज आली, ठणका लागला, तर वात काढून लेप लावावा. कान पुरता बरा होईपर्यंत पुढे जाऊ नये. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही तिथेच दिले आहेत. याचा अर्थ, घाई करणारे तेव्हाही कमी नव्हते!

आपल्या बायकांनी यावर आणखी एक तोड काढली. जड झुबे घालायचे तर कानावरून मोत्यांचा वेल घेऊन तो केसांत अडकवायचा. ओझे केसांनी उचलले की पाळी वाचते.

आजचे डॉक्टर काही वेगळे सांगत नाहीत. ताजे भोक आधी पूर्ण भरून येऊ द्यावे. मग एका वेळी एकच माप वाढवावे आणि दोन मापांमध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. हात आणि दागिना स्वच्छ ठेवावा. वजन टांगून पाळी ओढू नये, त्याने ती पातळ होऊन फाटते. दुखले, रक्त आले तर थांबावे. बुगडी घालतात तो वरचा कान कूर्चेचा असतो. तो ताणायचा नसतो. तिथे जखम चिघळली तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. ज्यांच्या अंगावर जखमेचे वण फुगून येतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक गोष्ट आधीच ठरवावी. जव्हार-मोखाड्याच्या आपल्या पालघर जिल्ह्यातच सोपारा आहे. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, तेव्हा आत ब्राँझच्या आठ लहान मूर्ती मिळाल्या. त्या आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्यांतल्या सात बुद्धांच्या. बुद्धमूर्तीचे कान लांब का, याचा एक अर्थ असा सांगतात की राजपुत्राने जड कुंडले उतरवली, पण ताणलेली पाळी तशीच राहिली. राज्य सोडता आले, पण कान पूर्ववत झाले नाहीत. एका मर्यादेपलीकडे ताणलेली पाळी आपली आपण मिटत नाही, टाके घालावे लागतात. म्हणून वात जाड करण्याआधी स्वतःला विचारावे, हा दागिना उतरवल्यावरही हा कान आपल्याला चालेल ना?